पावसाळ्यात ब्रॉयलर शेडमधील अमोनिया कसा आवरावा? पक्ष्यांचे वजन मागे राहते

जांबोटी_शेड (खानापूर तालुका) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला माझी चार हजार ब्रॉयलर (मांसासाठी वाढवायच्या) कोंबड्यांची शेड असून ती कंपनीच्या करारावर चालते. पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनीची. शेड, तूस (पक्ष्यांखाली अंथरायची भाताची टरफले), कोळसा, वीज आणि मजुरी माझी. शेडची लांबी १६० फूट व रुंदी २८ फूट आहे, लांबी पूर्व-पश्चिम आहे, जमिनीवर साधा कोबा आहे आणि पाण्यासाठी बेल ड्रिंकर (घंटेच्या आकाराची, दोरीने टांगलेली पाण्याची भांडी) लावलेले आहेत.

फेब्रुवारी-मार्चच्या बॅचला माझी तक्रार नसते. मात्र जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत ज्या बॅच निघतात, त्यांत विक्रीच्या वेळचे सरासरी वजन उन्हाळ्याआधीच्या बॅचपेक्षा दीड-दोनशे ग्रॅमने कमी भरते, एफसीआर (किलोभर वजनवाढीला लागणारे खाद्य) वाढतो आणि पर्यायाने हातात पडणारा ग्रोइंग चार्ज (पक्षी वाढवण्याचा कंपनीकडून मिळणारा मोबदला) घटतो. तिसऱ्या आठवड्यापासून पहाटे शेडमध्ये पाऊल टाकले की डोळे चुरचुरतात. काही पक्षी डोळे मिटून कोपऱ्यात बसून राहतात, लासोटाची (राणीखेत रोगावरची) लस दिल्यानंतर शिंका आणि घरघर नेहमीपेक्षा जास्त दिवस चालते, आणि पक्षी उचलून पाहिला तर पायाच्या तळव्यांवर काळे डाग दिसतात.

यावर मला तीन सल्ले मिळाले आहेत आणि तिन्ही एकमेकांशी जुळत नाहीत. सुपरवायझर म्हणतात, तुसावर चुना मारा. औषध दुकानदार पाण्यातून द्यायचे अमोनिया बाइंडर पुढे करतो. शेजारच्या गावचे एक जुने शेडमालक म्हणतात की रोज दाताळ्याने तूस उकरा, बाकी काही नको. आमच्या भागात भाताच्या गिरण्या असल्याने तूस मिळते. पण पावसाळ्यात त्याचा भाव चढतो आणि पोती बऱ्याचदा दमट येतात, त्यामुळे सगळे तूस बदलणे हा पर्याय दर वेळी परवडणारा नाही. आधी नेमके काय करावे, चुन्याचा खरोखर उपयोग आहे का, आणि महाग यंत्र न घेता अमोनिया मोजता येतो का, हे अनुभवी मंडळींनी व डॉक्टरांनी कृपया सांगावे.

चिकोडी_पोल्ट्री यांचे उत्तर

आपण विचारलेल्या तिन्ही गोष्टी नंतरच्या आहेत. अमोनियाचे मूळ पाण्यात आहे, आणि त्या पाण्याचा हिशेब मांडल्याशिवाय चुना, औषध आणि दाताळे यांपैकी कशाचाही उपयोग टिकत नाही.

पाचव्या आठवड्यातला पक्षी दिवसाला साधारण तीनशे मिलिलिटर पाणी पितो. म्हणजे आपल्या चार हजार पक्ष्यांच्या पोटात रोज बाराशे लिटरच्या आसपास पाणी जाते. त्या वयात पक्ष्याचे वजन दिवसाला शंभर ग्रॅमच्या आतबाहेर वाढते आणि त्यातील सुमारे दोन तृतीयांश भाग पाण्याचा असतो, हे धरले तरी प्यालेल्या पाण्यापैकी जेमतेम एक पंचमांश अंगात राहते. उरलेले विष्ठेतून तुसात आणि श्वासावाटे हवेत येते. हे जवळजवळ हजार लिटर पाणी दररोज शेडबाहेर गेले पाहिजे, आणि ते जाण्याची वाट एकच, ती म्हणजे खेळती हवा. उन्हाळ्याआधी बाहेरची हवा कोरडी असल्यामुळे हे काम आपोआप होते. जुलैत जांबोटीकडची हवा मुळातच पाण्याने भरलेली असते, त्यात आपण पडदे बंद ठेवतो, आणि मग ते पाणी तुसातच मुरते.

म्हणून आधी ड्रिंकरकडे पाहा. बेल ड्रिंकरची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला असली पाहिजे आणि पक्षी वाढेल तशी दर दोन-तीन दिवसांनी ती वर घेतली पाहिजे. बहुतेक शेडमध्ये पहिल्या आठवड्यात बांधलेली दोरी तिसऱ्या आठवड्यापर्यंत तशीच असते, त्यामुळे पक्षी खाली वाकून पाणी उडवत राहतात. कडेत पाणी काठोकाठ भरू देऊ नये. मोठ्या पक्ष्यांना अर्धा-पाऊण इंच पाणी पुरते.

दुसरी गोष्ट मी अनेक शेडमध्ये पाहिली आहे. सकाळी गडी ड्रिंकर धुतो तेव्हा तो आतील गाळ व पाणी तिथेच तुसावर ओततो, कारण बादली घेऊन फिरण्याचा त्याला कंटाळा येतो. एका ड्रिंकरमागे अर्धा-एक लिटर धरला तरी चाळीस ड्रिंकरचे किती झाले, ते आपणच पाहा. शिवाय ते पाणी दररोज त्याच जागी पडते. प्रत्येक ड्रिंकरखाली फूट-दीड फुटाचे काळे, चकाकणारे वर्तुळ दिसत असेल तर शेडमधील अमोनियाचा मोठा भाग त्या वर्तुळांतून येत आहे, असे समजावे. ती ओल्या, घट्ट झालेल्या तुसाची पापडी फावड्याने काढून पोत्यात भरून बाहेर न्यावी आणि जागी कोरडे तूस टाकावे. पापडी फोडून पुन्हा गादीत (जमिनीवर अंथरलेल्या तुसाच्या थरात) मिसळू नये, कारण मग ओल सगळीकडे पसरते.

तूस ओले आहे की नाही, हे ठरवायला यंत्र लागत नाही. ड्रिंकरपासून दूर, भिंतीजवळ आणि मधोमध अशा निरनिराळ्या जागांचे मूठभर तूस घेऊन घट्ट दाबावे. मूठ उघडल्यावर किंचित चिकटून लगेच सुटले तर ओलावा योग्य आहे, म्हणजे अंदाजे २० ते ३० टक्क्यांच्या दरम्यान. लाडवासारखा गोळा तसाच राहिला तर गादी हाताबाहेर चालली आहे. अजिबात न चिकटता धूळ उडाली तर ती जास्त कोरडी आहे, पण पावसाळ्यात आपल्याकडे ही वेळ क्वचितच येते.

गादीची जाडी पावसाळ्यात तीन इंचांपेक्षा कमी ठेवू नये. आपल्या शेडच्या मापाला तीन इंचांसाठी साधारण तीन टन तूस लागेल. भाताचे तूस स्वतः फारसे पाणी शोषत नाही, मात्र लवकर सुकते; लाकडाचा भुसा जास्त शोषतो. खानापुरात लाकडाच्या वखारी आहेत, तेथून कोरडा भुसा मिळाला तर ड्रिंकरच्या रांगेखाली तो मिसळून पाहावा. भुसा बारीक पिठासारखा नसावा आणि रसायन लावलेल्या लाकडाचा तर मुळीच नसावा. तुसाची खरेदी मे महिन्यातच करून, पोती जमिनीपासून उंच फळ्यांवर रचून, वरून ताडपत्री टाकणे हे भाव आणि ओल या दोन्ही दृष्टींनी फायद्याचे ठरते.

पशुवैद्य_सीमाभाग यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. चुन्याबद्दल मात्र स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते, कारण हा सल्ला आपल्याकडे फार सहजपणे दिला जातो.

पक्ष्याने खाद्यातून घेतलेल्या नायट्रोजनपैकी निम्म्याच्या आसपास विष्ठेतून बाहेर पडतो आणि त्यात सर्वांत मोठा वाटा युरिक आम्लाचा असतो. विष्ठेवर जी पांढरी साय दिसते तेच हे युरिक आम्ल. तुसातील जिवाणू त्याचे विघटन करून अमोनिया तयार करतात, आणि या जिवाणूंना ऊब, ओल व अल्कधर्मी परिस्थिती मानवते. तयार झालेला अमोनिया गादीतच राहणार की हवेत उडणार, हे गादीच्या सामूवर (पीएचवर, म्हणजे ती किती आम्ल वा अल्कधर्मी आहे यावर) ठरते. सामू ७ च्या खाली असेल तर तो जवळजवळ सगळा अमोनियमच्या रूपात बांधलेला राहतो. सामू ८ च्या पुढे गेला की वायू सुटू लागतो आणि ९ च्या पुढे त्याचा मोठा भाग हवेत जातो. चुन्याचा सामू १२ च्या घरात असतो. विष्ठा मिसळलेल्या, पक्षी असलेल्या गादीवर चुना टाकणे म्हणजे बांधलेल्या अमोनियाला बाहेर काढणे होय. चुन्याची जागा रिकाम्या शेडमध्ये आहे: बॅच गेल्यावर, शेड धुऊन वाळल्यानंतर भिंतींना आणि जमिनीला चुना द्यावा आणि त्यावर नवे तूस पसरावे. ब्लीचिंग पावडरही पक्षी असताना गादीवर टाकू नये; अमोनियाशी तिचा संयोग झाला की क्लोरामाइन नावाचे, श्वासनलिकेला घातक वायू तयार होतात.

आता वजनाविषयी. युरोपीय संघाच्या २००७ च्या नियमावलीत दाट संख्येच्या ब्रॉयलर शेडसाठी पक्ष्यांच्या डोक्याच्या उंचीवर अमोनिया २० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २० भाग) वर जाऊ नये असे बंधन आहे. आपल्याकडील जाणकारही साधारण २५ ही वरची मर्यादा मानतात. अमेरिकेतील मिसिसिपी येथे झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पहिले चार आठवडे अमोनियात ठेवलेल्या ब्रॉयलरचे सात आठवड्यांचे वजन ५० पीपीएमला सुमारे ६ टक्क्यांनी आणि ७५ पीपीएमला सुमारे ९ टक्क्यांनी कमी भरले होते. दोन किलोच्या पक्ष्यात ६ टक्के म्हणजे १२० ग्रॅम, आणि चार हजार पक्ष्यांत ४८० किलो. प्रयोगशाळेत मात्रा सतत सारखी ठेवलेली असते, शेडमध्ये ती पहाटे चढते आणि दुपारी उतरते, त्यामुळे आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी आपल्या दीड-दोनशे ग्रॅमच्या तुटीत अमोनियाचा हात आहे असे मानायला पुरेसा आधार आहे. सगळी तूट त्याच्याच माथी मारू नये, असेही मी म्हणेन. पावसाळ्यात खाद्य दमट होणे, बुरशी लागणे आणि रक्ती हगवण ही कारणे त्याच वेळी काम करीत असतात.

शिंका आणि घरघर लांबण्याचे कारणही यातच आहे. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूस सूक्ष्म केसांचे अस्तर असते आणि ते धूळ व जंतू वर ढकलत असते. अमोनिया त्या ओलसर अस्तरात विरघळतो आणि केसांची हालचाल मंदावते, पुढे ते झडतात. अशा पक्ष्यांना लासोटाची जिवंत लस दिली की लसीची प्रतिक्रिया तीव्र होते, मागून ई. कोलाय हा जिवाणू शिरतो आणि मेलेला पक्षी फाडला असता हवेच्या पिशव्या धुरकट, हृदयावर व यकृतावर पांढरट पडदा असे दृश्य दिसते. मग प्रतिजैविके सुरू होतात, आणि खर्च त्या दिशेने वाढत जातो. लसीच्या आधीचे दोन दिवस आणि नंतरचे तीन-चार दिवस शेडची हवा शक्य तितकी स्वच्छ ठेवणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

आपली विष्ठा-तपासणी झाली आहे का? तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तूस अचानक ओले झाले आणि विष्ठा नारिंगी, शेंबडी किंवा रक्तमिश्रित दिसत असेल, तर ड्रिंकर कितीही नीट केले तरी गादी सुकणार नाही. ओल्या गादीत रक्ती हगवणीचे जंतू वाढतात आणि ते वाढले की विष्ठा आणखी पातळ होते, हे चक्र आधी तोडावे लागते. खाद्यात मीठ जास्त झाले किंवा पाण्यातून निरनिराळी टॉनिके व इलेक्ट्रोलाइट सतत दिली गेली तरी पक्षी जास्त पाणी पितो. आपल्या करारात खाद्य बदलणे आपल्या हाती नाही, पण टॉनिक थांबवणे आहे.

मोजण्याबद्दल: रसायनांच्या दुकानात मिळणाऱ्या सामू कागदाची पट्टी शुद्ध केलेल्या पाण्यात, म्हणजे बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यात, बुडवून पक्ष्यांच्या उंचीवर पंधरा-वीस सेकंद धरली की तिचा रंग निळसर होऊ लागतो. अमोनियासाठी रंगतक्ता दिलेल्या खास पट्ट्याही मिळतात. मोजणी पहाटे, पडदे उघडण्यापूर्वी आणि गुडघ्यावर बसून करावी. उभ्याने घेतलेला वास आपल्या उंचीचा असतो, पक्षी मात्र गादीपासून वीतभर अंतरावर श्वास घेत असतो. रोज शेडमध्ये वावरणाऱ्याचे नाक सरावते, म्हणून घरातील दुसऱ्या कोणाला तरी आत बोलवावे. डोळे चुरचुरणे ही पायरी बहुधा २५-३० पीपीएमच्या पुढची असते, म्हणजे आपण वर्णन केलेली स्थिती मर्यादेबाहेरची आहे.

निपाणी_शिवार यांचे उत्तर

डॉक्टरसाहेबांचा मान राखून वेगळा अनुभव नोंदवतो. आमच्याकडे वेदगंगेकाठी कित्येक वर्षे पक्षी असतानाच चुना टाकतात आणि दोन-तीन दिवसांत वास कमी होतो, तूसही मोकळे होते. तोटा असता तर लोकांनी हे केव्हाच सोडले असते. अलीकडे काही जण चुन्याऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट पसरतात, कारण ते खत म्हणून शेवटी उसालाच जाते. त्याबद्दल आणि तुरटीबद्दल आपले मत काय?

पशुवैद्य_सीमाभाग यांचे उत्तर

आपले निरीक्षण खरे आहे, त्याचा अर्थ मात्र मी वेगळा लावतो. चुना टाकल्यावर पहिल्या काही तासांत साठलेला अमोनिया उसळून बाहेर येतो. पडदे उघडे असतील तर तो वाऱ्याबरोबर निघून जातो, चुना थोडी ओल शोषतो, आणि दोन दिवसांनी खरोखरच वास कमी झालेला असतो. म्हणजे पक्ष्यांनी तो अमोनिया आधीच श्वासात घेतलेला असतो आणि उसाला मिळायचा नायट्रोजन हवेत गेलेला असतो. गादीचा सामू मात्र चढाच राहतो, त्यामुळे पुढच्या विष्ठेतून तयार होणारा अमोनिया आणखी सहज सुटतो. खात्री करायची असेल तर एक भाग तूस पाच भाग डिस्टिल्ड पाण्यात ढवळून, चुन्याआधी आणि चुन्यानंतर, सामू कागद बुडवून पाहावा. वेदगंगेकाठच्या उघड्या शिवारात वारा बऱ्यापैकी असतो. जांबोटीच्या बंद पडद्यांत हाच प्रयोग महागात पडेल.

गादीला द्यायचे असेल तर आम्लधर्मी द्रव्य द्यावे. यात जगभर सर्वाधिक अभ्यास तुरटीवर्गातील ॲल्युमिनियम सल्फेटवर झाला आहे. पाणी स्वच्छ करण्यासाठी जलशुद्धीकरण केंद्रांत ज्याच्या लाद्या वापरतात तेच हे. ओल लागली की त्यातून आम्ल सुटते, अमोनियाचे अमोनियम सल्फेट होते आणि ते गादीतच राहते. शिवाय पावसाने वाहून जाणारे स्फुरदही (फॉस्फरस) कमी होते. मात्रा तुसाच्या वजनाच्या ५ ते १० टक्के, किंवा पक्ष्यामागे साधारण ४५ ते ९० ग्रॅम. आपल्या प्रश्नकर्त्यांच्या शेडला हे १८० ते ३६० किलो होईल. बारीक पूड करून पिल्ले येण्यापूर्वी तुसात मिसळावी लागते, आणि मिसळताना हातमोजे, चष्मा व तोंडाला फडके हवेच. पक्षी असताना वरून भुरभुरवू नये. हे सारे आकडे मुख्यतः अमेरिकेतील, एकाच गादीवर अनेक बॅच घेणाऱ्या शेडमधले आहेत. आपल्याकडे दर बॅचला नवे तूस असेल तर पहिल्या दोन आठवड्यांत अमोनिया तसाही थोडाच असतो आणि तोवर या द्रव्याचा काही भाग खर्ची पडून जातो. म्हणून नव्या तुसाच्या शेडला आधी पाणी आणि हवा, मग उरले तर तुरटी, असा माझा क्रम आहे. सोडियम बायसल्फेटही असेच काम करते. ते लवकर लागू पडते आणि लवकर संपते.

सुपर फॉस्फेटमध्ये जिप्सम आणि आम्लधर्मी फॉस्फेट असल्याने ते अमोनिया बांधते, हे खरे आहे. परंतु बाजारात ते बहुधा दाणेदार मिळते आणि पिल्ले दाणे टिपतात, ही माझी मोठी हरकत आहे. वापरायचेच असेल तर भुकटी घेऊन तुसाखालच्या थरात, पिल्ले येण्याआधी टाकावी.

राहिले पाण्यातून द्यायचे बाइंडर. त्यांत बहुतेक युक्का या वनस्पतीचा अर्क किंवा जिवाणूंचे मिश्रण असते. काही चाचण्यांत त्यांचा फायदा दिसला आहे, काहींत नाही. कोरड्या गादीला ते थोडा हातभार लावू शकतील, पण ड्रिंकर गळत असताना बाटल्या रिचवणे म्हणजे दुकानदाराचे भले करणे आहे.

जांबोटी_शेड यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. चुना थांबवला आहे. ड्रिंकर धुण्यासाठी गड्याला बादली दिली आणि दोऱ्या वर घेतल्या. ड्रिंकरखालची पापडी काढली, तेव्हा तिच्याखालचा कोबासुद्धा ओला लागला. दक्षिणेकडच्या भिंतीलगत तर तूस हाताला थंड लागते. सामू कागद अजून मिळालेला नाही.

आता माझी खरी अडचण पडद्यांची आहे. पाऊस आडवा येतो, पडदा उघडावा तर तूस भिजते आणि बंद ठेवावा तर वास कोंडतो. रात्री गारठ्याने पिल्ले एकमेकांवर चढतील, ही भीतीही असते. दुसरे असे की पुढच्या बॅचला निम्मे जुने तूस वापरले तर चालेल का? तूस महाग झाले आहे.

हुक्केरी_घटप्रभा यांचे उत्तर

दक्षिण भिंतीलगतची ओल गादीची नसून बाहेरून येत आहे. पावसाचा वारा आपल्याकडे नैऋत्येकडून येतो आणि पागोळ्यांचे पाणी जर भिंतीच्या पायाशीच पडत असेल तर ते जोत्यातून आत झिरपते. पत्र्याचा पुढे आलेला भाग निदान तीन फूट असावा, तसा नसेल तर तूर्त ताडपत्री किंवा जुने पत्रे तिरके बांधून तो वाढवावा, आणि पागोळीच्या रेषेत भर घालून तिच्याबाहेर उताराने पाणी वाहून नेणारी चर खोदावी. शेडची जमीन बाहेरच्या जमिनीपेक्षा फूट-दीड फूट उंच नसेल तर ही चर पावसाळाभर मोकळी ठेवणे हेच सर्वांत मोठे काम आहे. हे नीट झाल्याशिवाय तुसावर पैसे घालू नयेत.

पडद्याबाबत पहिला नियम असा की पडदा वरून खाली उघडला पाहिजे. आपल्याकडे अनेक ठिकाणी पोत्यांचे पडदे वरच्या वाशाला खिळलेले असतात आणि खालून गुंडाळले जातात. त्यामुळे उघडताच गार वारा व पाऊस थेट पिल्लांवर येतो, म्हणून माणूस घाबरून ते बंदच ठेवतो. तोच पडदा खाली बुटक्या भिंतीला पक्का करून वरची कड दोरी व कप्पीने खालीवर होईल असा केला, तर वरचा फूट-दीड फूट कायम मोकळा ठेवता येतो. उबदार, दमट हवा वर चढते आणि तेथून निघून जाते, पिल्लांना झोत लागत नाही. आपली शेड पूर्व-पश्चिम असल्याने वाऱ्याची लांब बाजू दक्षिणेची आहे. पाऊस आडवा येत असताना दक्षिणेचा पडदा वरपर्यंत घ्यावा, पण उत्तरेचा वरून मोकळाच ठेवावा. दोन्ही बाजू एकदम पूर्ण बंद करण्याची वेळ पहिल्या आठवड्यातसुद्धा येऊ नये. तेव्हाही वर चार-सहा बोटांची फट हवीच, कारण कोळशाच्या शेगड्यांचा कार्बन मोनॉक्साइड अमोनियापेक्षा घातक असून त्याला वासही नसतो. गारठा वाटला तर एक शेगडी वाढवावी, फट बुजवू नये. हवा दहा अंशांनी तापली की तिची पाणी धरून ठेवण्याची क्षमता जवळजवळ दुप्पट होते, त्यामुळे थोडी ऊब आणि थोडी फट मिळून जेवढी ओल बाहेर काढतात, तेवढी नुसती ऊब किंवा नुसती फट काढू शकत नाही.

तिसऱ्या आठवड्यानंतर पंखे लावावेत. ते छताकडे न रोखता किंचित खाली, गादीच्या पृष्ठभागावरून वारा सरकेल असे ठेवावेत आणि सगळे एकाच दिशेने असावेत. पावसाळ्यात लाईट जाण्याचा भरवसा नसल्याने केवळ पंख्यांवर विसंबू नये, हे वेगळे सांगायला नको.

दाताळ्याचा सल्ला चुकीचा नाही, फक्त वेळ महत्त्वाची आहे. उकरताना आत कोंडलेला अमोनिया एकदम सुटतो, म्हणून हे काम उघाडीच्या दुपारी, पडदे उतरवून, शेडचा एकेक भाग घेत करावे. पहाटे बंद शेडमध्ये उकरू नये, आणि लस दिल्यानंतरच्या दिवसांत तर नाहीच.

निम्म्या जुन्या तुसाबद्दल माझे मत पावसाळ्यासाठी नकारार्थी आहे. जुन्या गादीत नायट्रोजन साठलेला असतो आणि पहिल्याच दिवशी आपण ती ३२-३३ अंशांना तापवतो; सर्वांत कोवळ्या पिल्लांना सर्वांत जास्त अमोनिया मिळतो. हिवाळ्या-उन्हाळ्यात करायचेच असेल तर मागच्या बॅचमध्ये रोग नव्हता याची खात्री करावी, पापडी पूर्ण काढून टाकावी, उरलेल्या तुसाचा शेडमध्येच लांब ढीग घालून तो आतून हाताला चटका बसेल इतका तापू द्यावा, मग पसरून पडदे उघडे ठेवून चांगले वाळवावे आणि वर दोन इंच नवे तूस द्यावे. ब्रूडिंगच्या जागेत (सुरुवातीला पिल्लांना ऊब देऊन ठेवतात तिथे) मात्र संपूर्ण नवेच तूस असावे. जुने वापरायचे ते पिल्ले नंतर जिकडे पसरणार त्या रिकाम्या भागात.

चिकोडी_पोल्ट्री यांचे उत्तर

जुने तूस वाचवण्यापेक्षा ते चांगल्या भावाने विकण्याचा विचार करावा. चिकोडी, रायबाग, अथणी या पट्ट्यातील ऊसवाले कोंबडीखत उचलतात, पण ओला चिखल झालेला असेल तर भाव पाडून मागतात, कारण त्यांना वाहतुकीत पाण्याचेच पैसे मोजावे लागतात. कोरड्या गादीत नायट्रोजनही जास्त टिकून राहतो. काढलेली पापडी व खत शेडला लागून टाकू नये. आपल्याकडे पावसाळी वारा नैऋत्येचा असल्याने ढीग शेडच्या ईशान्येस, उंचवट्यावर घालावा आणि ताडपत्रीने झाकावा, म्हणजे त्याचा वास व माश्या परत शेडमध्ये येणार नाहीत आणि पावसाने खतातील कस ओढ्याला जाणार नाही. सामू कागद बेळगावात शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना साहित्य पुरवणाऱ्या दुकानांत मिळतो. १ ते १४ असा पूर्ण पट्टा असलेला मागावा.